वर्गातली शिस्त आणि मुलांचं मन: शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

नवीन शिक्षक विचारतातच, पण खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं शिकवणारेसुद्धा हेच प्रश्न परत परत विचारतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. प्रश्न बहुतेक वेळा "या मुलाचं काय करू" असा येतो आणि माझं उत्तर बहुतेक वेळा "त्याच्या आधी काय झालं होतं" इथूनच सुरू होतं, त्यामुळे तेच तेच वाचून कंटाळा आला तर आधीच सॉरी. अगदी लहान, बालवाडीतल्या मुलांचं गणित वेगळं असतं, ते यात धरलेलं नाही.

प्र. वर्ग ऐकतच नाही. ओरडलं की दोन मिनिटं शांत, मग परत गोंधळ. काय करायचं?

आधी ओरडणं सुटत का नाही ते बघा. तुम्ही ओरडता, वर्ग त्या क्षणी गप्प होतो, तुम्हाला हायसं वाटतं, म्हणजे ओरडण्याचं बक्षीस तुम्हालाच मिळतंय. मग पुढच्या वेळी तुम्ही अजून लवकर ओरडता, आणि मुलांना सवय होते की जोपर्यंत मॅडमचा आवाज त्या पट्टीत जात नाही तोपर्यंत त्या काही सिरियस नाहीत.

जेकब कुनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चांगले चालणारे आणि सतत गोंधळ असणारे वर्ग यांचं व्हिडिओ शूटिंग करून तुलना केली होती, १९७० साली ते छापून आलं. मूल चुकल्यावर शिक्षक काय करतात यात फरक असेल असं कोणालाही वाटेल, पण तिथे त्याला फरक सापडलाच नाही. फरक होता तो गोंधळ व्हायच्या आधीच्या गोष्टींत. मागच्या कोपऱ्यात काय चाललंय ते शिक्षकाला कळतंय आणि मुलांनाही ते माहीत आहे, एका मुलाची वही तपासताना बाकी वर्गावर नजर आहे, एक काम संपून दुसरं सुरू होताना मध्ये भोक पडत नाही, असल्या साध्या गोष्टी.

मध्ये भोक पडणं हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे. आठवडाभर नुसतं लक्ष ठेवा की तुमच्या तासात आवाज नेमका कधी चढतो. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: तुम्ही वर्गात येऊन हजेरी घेताना, वह्या वाटताना, ज्यांचं लिहून झालंय ती मुलं रिकामी बसल्यावर, आणि घंटा व्हायच्या आधीची शेवटची पाच मिनिटं. म्हणजे मुलांना काही करायलाच नसतं तेव्हा. मग उपाय पण तिथेच करायचा. मुलं बसतात तेव्हा फळ्यावर एक छोटं काम आधीच लिहिलेलं असू दे, वह्या वाटायला रोज तीच दोन मुलं, लवकर संपवणाऱ्यांना पुढे काय करायचं ते काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलेलं.

सूचना देताना अजून एक, "वह्या काढा, मागचं पान उघडा, समास आखा आणि पुस्तकातलं चौथं उदाहरण बघा" असं एका दमात सांगितलं की अर्धा वर्ग पहिल्या गोष्टीवरच अडकतो आणि शेजाऱ्याला विचारायला लागतो, ते आपल्याला बडबड वाटते. एका वेळी एक सांगा, किती मिनिटांचं काम आहे ते सांगा, आणि बोललं तर चालेल की नाही ते स्पष्ट सांगा. हे शेवटचं कोणीच सांगत नाही आणि मग बोलल्याबद्दल रागावतात.

प्र. सगळा वर्ग ठीक आहे पण एकच मुलगा रोज काहीतरी करतो. त्याच्यामुळे तास जातो.

त्याच्याबद्दल "मस्तीखोर आहे" हे मत बाजूला ठेवा आणि एक कागद घ्या. तीन रकाने: आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, नंतर काय झालं. "त्रास दिला" असं लिहायचं नाही, "शेजारच्याची पट्टी खाली पाडली" असं लिहायचं. आठ-दहा नोंदी झाल्या की एक पॅटर्न दिसायला लागतो, न दिसला तर नोंदी अजून थोड्या करा.

उदाहरण देते. एक मुलगी मोठ्याने वाचायचं सुरू झालं की टॉयलेटला जायचं म्हणते. एरवी नाही. वाचन रांगेने चाललेलं असतं, तिच्या आधी चार मुलं राहिली की तिची चुळबुळ सुरू, दोन राहिली की हात वर. नाही म्हटलं तर पेन्सिल पाडते, मग शेजारणीशी भांडण, मग शिक्षक चिडून तिला बाहेर उभं करतात. आता तिच्या बाजूने बघा, वाचायचं टळलं ना? म्हणजे तिला शिक्षा वाटावी म्हणून जे केलं तेच तिला हवं होतं. इथे कितीही कडक वागलात तरी फरक पडणार नाही, कारण प्रश्न वाचनाचा आहे, वागण्याचा नाही. तिला आदल्या दिवशी तिचा परिच्छेद देऊन ठेवा, जोडीने वाचू द्या, आणि वाचनात नेमकं कुठे अडतंय ते एकटीला बसवून बघा.

वागण्यामागे बहुतेक वेळा चारपैकी काहीतरी असतं. लक्ष हवं असतं, एखादं काम टाळायचं असतं, एखादी वस्तू किंवा जागा हवी असते, किंवा मग शरीरालाच ती हालचाल बरी वाटते (पाय हलवणं, पेनचं टोपण चावणं). लक्ष हवं असणाऱ्याला रागावणं म्हणजे सुद्धा लक्षच. त्याला तो काहीच करत नसताना, नीट बसलेला असताना, लक्ष द्यायचं. आणि एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी, दुर्लक्ष करायला लागलात की सुरुवातीचे काही दिवस त्याचं वागणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं, कारण जे इतके दिवस चालत होतं ते चालेनासं झालंय म्हणून तो जोर लावून बघतो. नेमकं त्याच वेळी आपण हार मानतो आणि ओरडतो, आणि तो शिकतो की जोर लावला की जमतं. अर्थात कोणाला लागेल असं काही करत असेल तर दुर्लक्ष वगैरे नाही, तिथे लगेच थांबवायचं.

प्र. शिकवता शिकवता टोकायचं कसं? थांबलो की लय जाते.

थांबू नका. बोलत बोलत त्याच्या बेंचपाशी जा, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर वहीवर बोट ठेवा आणि हळू आवाजात, त्यालाच ऐकू येईल इतकंच, "दुसरं गणित कर, मी दोन मिनिटात बघायला येते" आणि तिथून निघून जा. निघून जाणं महत्त्वाचं आहे, तिथेच उभं राहून तो कधी सुरू करतो ते बघत बसलात तर आता ते सगळ्यांसमोरचं कोण जिंकतं असं होऊन बसतं. दोन मिनिटांनी मात्र खरंच जायचं, आणि सुरू केलं असेल तर "हं, बरोबर चाललंय" एवढंच. मघाचं उकरून काढायचं नाही.

फळ्यावर नावं लिहिणं, मॉनिटरला बोलणाऱ्यांची यादी करायला लावणं हे मला अजिबात पटत नाही. मॉनिटर शेवटी मुलगाच असतो, तो मित्रांची नावं गाळणार आणि ज्याच्याशी पटत नाही त्याचं पहिलं लिहिणार.

प्र. प्रश्न विचारला की कोणीच हात वर करत नाही, मग गोंधळ सुरू होतो. याचा शिस्तीशी संबंध आहे का?

आहे, आणि याचा उपाय फुकट आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब आली, एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली, आणि शिस्तीसाठी टोकावं लागणंही कमी झालं. त्यात अजून एक दिसलं होतं, जी मुलं हुशार नाहीत असं शिक्षकाला वाटतं त्यांच्या उत्तरासाठी शिक्षक अजूनच कमी थांबतात. तीन सेकंद मनात मोजून बघा, पहिल्यांदा फार लांब वाटतात.

प्र. विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर उलट उत्तर दिलं तर?

त्या क्षणी त्याला अख्खा वर्ग बघतोय आणि तुम्हालाही. दोघांपैकी कोणीही माघार घेतली की नाक कापलं जाणार असं दोघांनाही वाटत असतं, म्हणून तिथे निकाल लावायचाच नाही. आवाज नेहमीपेक्षा खाली, वाक्य छोटं: "हे आपण तास संपल्यावर बोलू. आत्ता वही उघड, नाहीतर तिकडे खिडकीशी बसून कर, तुझं तू ठरव." आणि मान वळवून शिकवायला लागा. तो वही उघडताना पुटपुटेल, बेंच आपटेल. ते ऐकू आलंच नाही असं समजायचं, कारण काम तर तो करतोय.

तास संपल्यावर मात्र बोलायचंच, विसरलात तर उलट बोलून सुटता येतं असा अर्थ होतो. "का असं बोललास" विचारलं की खांदे उडवतील, त्यापेक्षा "काय झालं होतं" विचारा आणि मग गप्प बसा. मोठ्या मुलांच्या बाबतीत बरेचदा मूळ कारण तुम्ही नसताच, आधीच्या तासाला किंवा घरून निघताना काहीतरी झालेलं असतं. याचा अर्थ उलट बोललेलं माफ असा नाही, फक्त कशावर बोलायचं ते कळतं.

प्र. म्हणजे शिक्षा करायचीच नाही का?

मारणं नाही, कान धरायला लावणं नाही, अपमान नाही, यावर चर्चाच नको. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे की शाळेतली शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरूनच असली पाहिजे, आणि १९ वं कलम शारीरिक आणि मानसिक हिंसेपासून संरक्षणाचं आहे.

पण परिणाम काहीच नको असं नाही. सांडलं तर पुसायचं, कोणाचं पुस्तक फाडलं तर चिकटवून द्यायचं, तासाचा वेळ घालवला तर तेवढं काम नंतर बसून पूर्ण करायचं. परिणाम छोटा असला तरी चालतो, फक्त तो दर वेळी झाला पाहिजे. आज चालवून घेतलं, उद्या दुर्लक्ष, परवा एकदम प्रिन्सिपलकडे, यात मुलाला एवढंच कळतं की सगळं तुमच्या मूडवर आहे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. एक, दोघांनी केलं म्हणून सगळ्या वर्गाला शिक्षा, ज्यांनी काही केलं नाही ती मुलं तुमच्या विरोधात जातात. दुसरी, शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावणं किंवा जास्तीची गणितं देणं, कारण मग वर्षभर तुम्ही ज्याची गोडी लावायची म्हणताय तीच शिक्षा होऊन बसते. खेळाचा तास काढून घेणं पण तसंच, ज्या मुलाला स्वस्थ बसवत नाही त्याचाच नेमका तो तास जातो.

प्र. स्टार, स्टिकर, पॉइंट्स दिले तर?

चालतं, जपून. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं त्यांच्यातल्या काहींना चित्र काढल्यावर बक्षीस मिळेल असं आधी सांगून ते दिलं, तर नंतर तीच मुलं मोकळ्या वेळात पहिल्यापेक्षा कमी चित्रं काढायला लागली. म्हणजे जे मूल आवडीने करतंय तिथे स्टार घालायची गरज नाही. जिथे अजिबात गाडी सुरूच होत नाही तिथे थोडे दिवस द्या आणि हळूहळू काढून घ्या. वर्ग गटांमध्ये वाटून शिस्तीचा खेळ (जो गट नियम कमी मोडेल तो जिंकला) खेळायची पद्धत १९६९ पासून वापरात आहे आणि ती चालते, पण सगळे गट जिंकू शकतील असा नियम ठेवा आणि एकाच मुलामुळे गट दरवेळी हरत असेल तर त्याला काही दिवस वेगळा गट द्या, नाहीतर मधल्या सुट्टीत त्याचं काही खरं नाही.

प्र. माझा वर्ग खूप शांत आहे, तिथे काही काळजीचं नसेल ना?

माझी सगळ्यात जास्त काळजी याच वर्गांची असते. गोंधळ घालणाऱ्याकडे दहा जणांचं लक्ष जातं, जो हळूहळू गप्प होत चाललाय त्याचं वर्षाच्या शेवटी कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १० ते १९ वयातल्या साधारण सातातल्या एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो, वर्गात चाळीस मुलं असतील तर हिशोब तुम्हीच करा. ती सगळी मुलं काही बेंच वाजवत नाहीत.

शांत असणं हा स्वभाव असू शकतो, त्यात बिघडलेलं काही नाही. बघायचं ते बदलाकडे. आधी हात वर करणारी आता करत नाही, अक्षर एकदम बिघडलं, डबा न खाता परत जातो, सोमवारी हमखास गैरहजर, दर दुसऱ्या दिवशी डोकं किंवा पोट दुखतं, मित्रांच्या घोळक्यातून उठून कडेला बसायला लागला. एखादी गोष्ट एखाद्या वेळी झाली तर काही नाही, दोन-तीन गोष्टी दोन आठवडे दिसत राहिल्या तर बोला. सगळ्यांसमोर "तुला काय झालंय" असं नको, वह्या न्यायला मदतीला बोलवा आणि चालता चालता विचारा, समोरासमोर बसून डोळ्यात बघून विचारलेलं मोठ्या मुलांना जड जातं.

एखादं मूल घरी भरपूर बोलतं आणि शाळेत महिनोन्‌महिने एक शब्द नाही, असंही असतं. तो हट्ट नसतो, ती भीती असते, आणि "बोल ना, बोल ना" करून ती वाढते. आधी मान हलवून, लिहून, एका मैत्रिणीच्या कानात सांगून उत्तर चालेल असं ठेवा आणि काउन्सेलरना कळवा.

प्र. मुलगा जागेवर बसतच नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा हा विकार) असेल का?

असेल, नसेल, ते आपण ठरवायचं नाही. ठरवणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा लक्षणं निदान सहा महिने आहेत का, बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, आणि शाळेशिवाय दुसरीकडेही दिसतात का हे बघावं लागतं. झोप कमी, फळा न दिसणं, नीट ऐकू न येणं, घरातली काळजी यातही मूल असंच वागतं, त्यामुळे आधी डोळे आणि कान तपासून घ्या म्हणावं. पालकांशी बोलताना तो शब्दच वापरू नका, "गेले तीन आठवडे लिखाणाच्या कामात दोन-तीन मिनिटांनी उठतो, गोष्ट ऐकताना मात्र बसतो" असं सांगा. डॉक्टरांना पण याचाच उपयोग होतो.

वर्गात काय करायचं त्यासाठी कागदपत्रांची वाट बघायला नको. पुढे पण कडेला बसवा म्हणजे उभं राहिला तरी कोणाला त्रास नाही, दहा गणितांऐवजी तीन-तीन करून द्या, मध्ये फळा पुसायला पाठवा.

प्र. मूल वर्गात एकदम रडायला लागलं, श्वास जोरात चालला, तर काय करू?

बाकी वर्गाला काम द्या, त्याच्याजवळ खाली बसा, कमी बोला. "मी इथे आहे, हे जाईल थोड्या वेळात." श्वास आत घेण्यापेक्षा हळू सोडायला सांगा. "शांत हो" म्हणून कोणी शांत होत नाही, आणि कारण विचारायची ही वेळ नाही. घोळका हटवा. पहिल्यांदाच होत असेल किंवा दम्याचा त्रास असेल तर वैद्यकीय मदत घ्यायचीच.

प्र. एका मुलीने सांगितलं "मॅडम, कोणाला सांगू नका, प्रॉमिस करा". मी काय करायला हवं?

प्रॉमिस करू नका, ती काही सांगायच्या आधीच हे स्पष्ट करा. "तू सांग, मी ऐकते, पण तुला धोका असेल तर तुला मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल, आणि कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." बऱ्याच शिक्षकांना वाटतं असं म्हटलं तर ती बोलणारच नाही. बहुतेक वेळा बोलतात, कारण आपलं कोणीतरी नीट ऐकतंय हेच हवं असतं. शिवाय शब्द देऊन तो मोडला तर ती परत कुठल्याच मोठ्या माणसाला सांगणार नाही.

घरी मारहाण, कोणी नको तिथे हात लावणं, असं काही निघालं तर तपास तुम्ही करायचा नाही. सतरा प्रश्न विचारू नका, "त्याने असं केलं का" असं तिच्या तोंडात उत्तर घालू नका, चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा, तिचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख वेळ टाका आणि बाल संरक्षणासाठी शाळेत जी व्यक्ती नेमलेली आहे तिला त्याच दिवशी कळवा. घरात ज्याच्यावर संशय आहे त्यालाच फोन करून विचारणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार, आणि चांगल्या हेतूने होतो.

स्वतःला इजा करतेय किंवा जगायला नको वाटतं असं म्हणाली तर सरळ विचारा, "तुला मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने ते डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट विचारल्यावर मुलं मोकळी होतात. हो म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, टॉयलेटलासुद्धा कोणीतरी बरोबर, आणि काउन्सेलर, मुख्याध्यापक, पालक यांना त्याच दिवशी, उद्यावर नाही. वर्गात याची चर्चा होऊ द्यायची नाही आणि स्टाफरूममध्ये तर त्याहून नाही.

प्र. चिडवणं आणि बुलिंग यात फरक कसा ओळखायचा?

नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: मुद्दाम, परत परत, आणि ज्याच्यावर होतंय त्याला स्वतःचा बचाव करणं अवघड. दोन बरोबरीचे मित्र भांडले तर ते भांडण. चार जण मिळून एकाला रोज एका नावाने हाक मारतात ते बुलिंग, मग ते कितीही "मजेत" असो.

म्हणूनच दोघांना समोर बोलावून "चला, हात मिळवा, मित्र व्हा" हे इथे चालत नाही. बरोबरी असती तर आधीच मिटलं असतं, आता फक्त तक्रार कोणी केली ते कळतं आणि बाहेर गेल्यावर वसूल होतं. वेगवेगळं बोला. जो करतोय त्याच्याशी नेमक्या घटनेवर, ज्याच्यावर होतंय त्याच्याशी "तू पण दुर्लक्ष कर ना" न म्हणता. आणि बघणाऱ्यांशी जरूर बोला, फिनलंडमधला 'किवा' (KiVa) हा बुलिंग थांबवण्याचा शालेय कार्यक्रम बघणाऱ्या मुलांवरच भर देतो, कारण हसणारे कमी झाले की करणाऱ्याला मजा उरत नाही. सगळे हिरो होऊन मध्ये पडणार नाहीत, पण नंतर त्याच्या शेजारी जाऊन बसणं कोणालाही जमतं. जिने वगैरे, टॉयलेटबाहेरची जागा, बस, आणि वर्गाचे मोबाइल ग्रुप, हे जास्त करून तिथेच होतं.

प्र. मोठी मुलं पहिल्या तासाला झोपतात.

१३ ते १८ वयात रात्री आठ ते दहा तास झोप लागते आणि याच वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं, झोपच उशिरा येते. मोबाइल आहेच वरून. पहिल्या तासाला उभं राहून करायचं, जोडीने करायचं काम ठेवा. रोजच झोपत असेल तर घरी रात्री काय चाललंय ते विचारा, कधी कधी ते मूल रात्री काम करत असतं किंवा आजारी माणसाजवळ बसत असतं.

प्र. पालकांना सांगितलं की ते एकतर चिडतात नाहीतर घरी जाऊन मुलाला मारतात.

कारण आपला फोन फक्त तक्रारीसाठीच जातो. वर्षाच्या सुरुवातीला, काहीही झालेलं नसताना एक चांगली गोष्ट कळवा, अगदी डायरीत एक ओळ चालेल, लाल शेरा सोडून काहीतरी. मग अडचणीचं बोलताना आधी त्यांनाच विचारा की घरी कसा असतो, कशाने शांत होतो, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. मारतील अशी शंका असेल तर चिठ्ठी किंवा मेसेज नको, भेटून बोला आणि घरी नेमकं काय करायचं ते एकच छोटं काम द्या, म्हणजे रागाला दुसरी वाट मिळते. पेरेंट्स मीटिंगमध्ये रांगेत बाकीचे ऐकत असताना तर हे बोलायचंच नाही.

प्र. एका मुलाचा मला मनापासून राग येतो. शिक्षकाला असं वाटणं बरोबर आहे का?

वाटतं, सगळ्यांना वाटतं. फक्त तो राग आपल्या वागण्यात कुठून डोकावतो ते बघा: त्याला प्रश्न विचारतच नाही, त्याची वही शेवटी तपासतो, दुसऱ्याने केलं तर हसतो आणि त्याने केलं तर रागावतो. दहा दिवस रोज दोन मिनिटं त्याच्याशी अभ्यास आणि वागणं सोडून कशावरही बोला, क्रिकेट, मांजर, गेम, काहीही. पहिले चार दिवस तो हं हं करेल. त्याला बदलायला म्हणून नका करू, तुम्हाला त्याच्याबद्दल तक्रारींपलीकडे काहीतरी माहीत व्हावं म्हणून करा.

प्र. बाकीचे शिक्षक मारतात-ओरडतात, मी एकट्याने असं करून काय होणार?

मुलांना तासागणिक वेगळं वागता येतं, कोणाच्या तासाला काय चालतं हे त्यांना पाठ असतं, त्यामुळे तुमच्या तासापुरता फरक पडतोच. सुरुवातीला मात्र ती तुम्हाला तपासून बघणार, ह्या मॅडम ओरडत नाहीत म्हणजे काहीही चालतं का ते, साधारण पहिला महिना तसा जातो. सहकाऱ्यांना तत्त्वं सांगत बसू नका, उगाच वाकडं येतं. एखाद्या सहकाऱ्याशी जमत असेल तर दोनच गोष्टी दोघांच्या तासाला सारख्या ठेवा, तास सुरू कसा होणार आणि बाहेर जायची परवानगी कशी मागायची. मारहाण डोळ्यांनी बघितलीत तर मात्र वाकडं येण्याचा विचार करायचा नाही, मुख्याध्यापकांकडे लेखी द्यायचं.